घरगुती केकचा भाव: साहित्याच्या तिप्पट, की हातांचे तास धरून?

पिठीसाखर:

घरातून केकच्या ऑर्डरी घ्यायला लागून मला आठ महिने झाले. सुरुवातीला ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी एकच सूत्र हातात दिलं: साहित्याचा खर्च काढ, त्याला तीनने गुण, झाला भाव. मी तेच करत आले. गेल्या आठवड्यात पहिल्यांदाच वही घेऊन दोन केकचा हिशेब शेजारी शेजारी मांडला आणि हे सूत्र मुळातच चुकीचं आहे अशी माझी खात्री झाली.

पैशांचे आकडे प्रत्येकाचे वेगळे असणार, म्हणून मोठ्या केकच्या साहित्याचा खर्च १०० धरते. बाकी सगळे आकडे त्याच मापात वाचा.

पहिला केक दोन टिअरचा, म्हणजे एकावर एक दोन केक, वर साखरेची फुलं. साहित्य १००, भाव ३००. खोका, केकखालचा बोर्ड, आत आधाराला घालायच्या काड्या, वीज, पोचवण्याचा खर्च मिळून ४४. हातात उरले १५६. आता वेळ बघा. निरोप, फोटो, रंग ठरवणं यात १ तास. खरेदी १ तास. स्पंज आणि क्रीम अडीच. थर लावून बाहेरून गुळगुळीत करणं २. फुलं तीन दिवसांत मिळून साडेचार. भांडी आणि ओटा १. पोचवणं १. एकूण १३ तास, म्हणजे तासाला १२.

दुसरा केक एकाच टिअरचा, चॉकलेटचा, वर फक्त गनाश, म्हणजे चॉकलेट आणि क्रीमचं मिश्रण. साहित्य ६०, भाव १८०, वरखर्च १५, उरले १०५. लागले ३ तास. तासाला ३५.

ज्या केकसाठी तीन रात्री मान खाली घालून पाकळ्या लाटल्या, त्याचे मला तासाला सोप्या केकच्या जवळपास एक तृतीयांश पैसे मिळाले. याचं कारणही सरळ आहे. साखर स्वस्त, चॉकलेट महाग. फुलांत साहित्य मूठभर आणि काम ढीगभर. साहित्याला तीनने गुणणाऱ्याला ते काम दिसतच नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: साहित्य, वरखर्च, तासांची मजुरी आणि त्यावर थोडा नफा, असाच भाव लावावा, आणि तोही पहिल्या ऑर्डरपासून. "आधी स्वस्तात करा, नाव झालं की वाढवा" हा सल्ला नव्या लोकांचं नुकसान करतो. तुम्हाला काय वाटतं?

मंदआच:

चौदा वर्षं हे काम करते आहे. तुमचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मला पटला नाही.

मी पहिला साखरेचा गुलाब केला तेव्हा पाऊण तास लागला होता आणि शेवटी दोन पाकळ्या गळून पडल्या. आज तसा गुलाब मी दहा-बारा मिनिटांत करते आणि तो त्या पहिल्यापेक्षा कितीतरी देखणा असतो. तुमच्या पद्धतीने माझ्या पहिल्या गुलाबाचा भाव आजच्या गुलाबाच्या चौपट व्हायला हवा होता. घेणाऱ्याने का द्यावा? त्याला गुलाब हवा आहे, आपला पाऊण तास नको आहे. शिकण्याचा वेळ ही आपली फी आहे, ती गिऱ्हाइकाच्या माथी मारू नये.

नव्या माणसाने आपल्या आसपास तसल्याच केकला लोक किती देतात ते बघावं, त्याच्या थोडं खाली राहावं आणि हात बसेपर्यंत निमूट काम करावं. मी असंच केलं.

पिठीसाखर:

ताई, गुलाबाचा मुद्दा अगदी मान्य. १३ पैकी निदान ३ तास तरी माझ्या हळू हातांचे होते, ते मी धरायला नको होते. त्यात दुरुस्ती करते: प्रत्यक्ष लागलेले तास न धरता, बसलेल्या हाताला जेवढे लागतील तेवढे धरावेत. तसे १० धरले तरी तासाला १५.६ पडतात, गनाशच्या केकच्या निम्मेसुद्धा नाहीत. म्हणजे सूत्रातली खोट माझ्या नवखेपणामुळे आलेली नाही.

शिवाय निरोपांना उत्तरं द्यायचा तास, भांड्यांचा तास, पोचवण्याचा तास, हे तुम्हालाही तितकेच लागत असतील ना? त्यात हात बसण्याचा प्रश्नच कुठे येतो?

मंदआच:

लागतात. ते मी साध्या केकच्या भावात मुरवते.

हिशेबवही:

दोघींच्या मधे येतो, माफ करा, पण "नफा" हा शब्द इथे सैल वापरला जातोय आणि नवे लोक तिथेच अडखळतात.

खर्चावर ५० टक्के चढवले म्हणजे विक्रीत ५० टक्के नफा झाला असं बऱ्याच जणांना वाटतं. १०० चा केक १५० ला विकला तर नफा विक्रीच्या ३३ टक्के असतो. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण कुणाला कमिशन द्यायची वेळ आली की तोच अंगावर येतो. समजा खर्च १००, त्यावर २५ टक्के चढवून भाव १२५ लावला. ऑर्डर आणून देणारा विक्रीवर २० टक्के घेतो. १२५ चे २० टक्के म्हणजे २५. सगळा नफा तिथेच संपला. असं महिनोन्महिने करणारे लोक मी पाहिलेत. ऑर्डरी भरपूर आहेत आणि पैसे कुठे जातात कळत नाही, अशी त्यांची तक्रार असते.

सवलतीचंही तसंच. भाव १००, खर्च ६०, नफा ४०. ओळखीखातर २० टक्के सोडले की नफा २०, म्हणजे निम्मा. तेवढेच पैसे मिळवायला दुप्पट केक करावे लागतील. कारखाना ते करू शकतो. एक ओव्हन आणि दोन हात असलेल्या माणसाला ते जमणार कसं?

त्यामुळे मंदआच ताईंचं "थोडं खाली राहावं" हे मला धोक्याचं वाटतं. थोडं म्हणजे किती, हे आपला खर्च माहीत असल्याशिवाय कळूच शकत नाही.

उंबरठा:

मी अजून सुरुवातच केलेली नाही, पुढच्या आठवड्यात पहिली ऑर्डर आहे. तासाची मजुरी ठरवायची कशी? मला माझ्या एका तासाची किंमत सांगताच येत नाही. कमी सांगितली तर वाईट वाटतं आणि जास्त सांगितली तर लाज वाटते.

हिशेबवही:

एक कसोटी सांगतो. ऑर्डर घेतलीय आणि आदल्या दिवशी तुमचा हात भाजला. फुलं आणि फिनिशिंग दुसऱ्या कुणाकडून करून घ्यायचं आहे. त्या व्यक्तीला तासाचे किती द्यावे लागतील? तो आकडा हीच तुमची मजुरी. दुसऱ्याला जे बिनतक्रार दिलं असतं ते स्वतःला द्यायला लाज कसली?

आणि मजुरी वेगळी, नफा वेगळा. मजुरी केलेल्या कामाची असते. नफ्यातून उद्याचा मिक्सर येतो, बिघडलेला केक भरून निघतो. घरून काम करणारे बहुतेक जण दोन्ही एकाच डब्यात टाकतात. मग मिक्सर जळाला की घरखर्चाचे पैसे काढावे लागतात.

रविवारची बेकर:

इतकं वाचून मन थोडं खट्टू झालं. मी दर रविवारी एक केक करते आणि साहित्याचे पैसे सुटले की खूश असते. नोकरी आहे, घर त्यावर चालतं. केक करताना डोकं शांत होतं. ज्या घरी केक जातो तिथल्या मुलांचे चेहरे बघायला मिळतात. हे सगळं तासांत मोजायला लागले तर माझा रविवारच जाईल. मी कमी घेते म्हणून मी कुणाचं वाईट करते का?

व्हॅनिलाची शेंग:

हो, करता. राग मानू नका, पण स्पष्ट बोलते.

तुमच्याकडून केक नेणारी बाई पुढच्या वाढदिवसाला मला फोन करते, कारण त्या रविवारी तुम्हाला वेळ नसतो. मी भाव सांगितला की म्हणते, "मागच्या वेळी तर याच्या एक तृतीयांशात मिळाला होता." मी लुटते आहे असा तिचा समज होतो. माझं घर केकवर चालतं. तुमचा आनंद मला मान्य आहे, पण तो आनंद तुम्ही बाजारात भाव लावून विकता आणि त्या भावाची झळ दुसऱ्यांना बसते.

केक भेट म्हणून द्या ना. भेटीला भाव नसतो, त्यामुळे तुलनाही होत नाही.

रविवारची बेकर:

दर आठवड्याला भेट देणं मला परवडणार नाही. साहित्य स्वस्त नाही आता.

मंदआच:

शेंगताई, जरा सबुरीने. छंद म्हणून करणारे पूर्वीही होते, पुढेही असतील. त्यांच्यामुळे माझी ऑर्डर गेली असं मी चौदा वर्षांत एकदाही म्हटलेलं नाही. त्या महिन्याला चार केक करतात. चार केकनी बाजार पडत नाही. बाजार पडतो तो आपल्या कामातला फरक आपण दाखवू शकलो नाही तर.

व्हॅनिलाची शेंग:

त्या एकट्या चार करतात, ताई. अशा किती जणी आहेत ते मोजा. पण "लुटते" वगैरे जरा जास्त बोलले, त्याबद्दल क्षमस्व.

रविवारची बेकर, एक मधला मार्ग सुचवते. भाव पूर्ण लिहा आणि त्याखाली तुम्ही सोडलेले पैसे लिहा: "मूळ किंमत इतकी, माझ्याकडून सूट इतकी." तुम्हाला हवे तेवढेच पैसे मिळतील आणि नेणाऱ्याला खरा भाव कळेल. एवढं कराल का?

रविवारची बेकर:

हे करेन. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

फक्त खवय्या:

मी केक करत नाही, विकत घेतो. इथे माझ्या बाजूचं कुणी बोलेना म्हणून लिहितो.

मुलीच्या वाढदिवसासाठी एका घरगुती बेकरला किंमत विचारली. उत्तरात हाताने केलेल्या कामाचं मोल समजावणारा दोन परिच्छेदांचा निरोप आला. मला ते मोल मान्यच होतं, म्हणून तर त्यांच्याकडे गेलो होतो. मला फक्त आकडा हवा होता. आकडा आला, मी होकार दिला. मग बोर्डचे वेगळे, केकवर खोचायच्या टॉपरचे वेगळे, पोचवण्याचे वेगळे. शेवटी रक्कम सांगितलेल्या किमतीच्या सव्वापट झाली. केक उत्तम होता. पुन्हा गेलो नाही.

तुम्ही तास धरा, तिप्पट करा, काहीही करा. मला पहिल्याच निरोपात शेवटचा आकडा सांगा. आणि तो माझ्या आवाक्याबाहेर असेल तर माझ्या पैशांत काय होईल ते विचारा. "एवढ्यात फुलं होणार नाहीत, पण रंगीत बटरक्रीमचं छान काम होईल" असं कुणी म्हटलं असतं तर मी आजही तिथूनच केक घेतला असता.

पिठीसाखर:

हे फार महत्त्वाचं सांगितलंत, धन्यवाद. मीसुद्धा बोर्डचे पैसे वेगळे लावत होते. आजपासून बंद.

आणि यातून माझाच मुद्दा पुढे जातो असं मला वाटतं. कुठल्या कामाला किती वेळ जातो हे लिहून ठेवलेलं असेल तरच "फुलं काढली तर इतके कमी होतील" असं लगेच सांगता येतं. तिप्पट करणाऱ्याला फुलं काढून भाव फारसा उतरवताच येत नाही, कारण फुलांच्या साखरेचा खर्चच नगण्य होता.

हिशेबवही:

वजनावर भाव लावणाऱ्यांबद्दल कुणीच बोललं नाही. माझ्या मते ती पद्धत तिपटीपेक्षाही घातक आहे.

६ इंची आणि ८ इंची गोल केक घ्या, दोन्हींची उंची ४ इंच. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणजे ३६ ला ६४. मिश्रण जवळपास १.८ पट लागणार. बाहेरून लावायची क्रीम मात्र वरचा भाग आणि कड मिळून मोजली तर साधारण १.४५ पटच वाढते. आणि वर बसवायचा फॉन्डंटचा, म्हणजे साखरेच्या मळलेल्या गोळ्याचा, हत्ती? त्याला दोन्हीकडे सारखाच वेळ लागतो. म्हणजे साहित्य एका वेगाने वाढतं, क्रीम लावण्याचं काम दुसऱ्या, आणि कलाकुसर वाढतच नाही. या तिन्हींना एकाच वजनाच्या दराने बांधलं की छोट्या केकवर हत्ती फुकट द्यावा लागतो आणि मोठ्या साध्या केकवर गिऱ्हाइकाला उगाच जास्त पडतं. छोट्या केकवर मोठी कलाकुसर मागणारे लोकच जास्त येतात, हेही लक्षात ठेवा.

केकचा भाव आकारावर लावा. कलाकुसरीचा वेगळा काढा आणि मग दोन्ही मिळवून एकच आकडा सांगा. खवय्यांनी सांगितलं तसा.

मंदआच:

हत्तीचं अगदी खरं. मी सजावटीच्या केकला कमीत कमी रक्कम ठेवलेली आहे, त्याखाली ऑर्डरच घेत नाही.

पण मुद्द्यावर येते. तुम्ही सगळे भाव "असायला किती हवा" ते काढताय. तो मिळेल कसा, यावर कुणी बोलत नाही. नव्या माणसाकडे दाखवायला काय असतं? दोन-तीन फोटो, तेही घरच्यांसाठी केलेल्या केकचे. समोरच्याचा एकुलता एक दिवस असतो आणि तो तुमच्या भरवशावर सोडायचा असतो. तो धोका घेतोय, म्हणून त्याला काहीतरी कमी मिळायला हवं. यात मला अन्याय दिसत नाही. मी पहिली दोन वर्षं कमी घेतले आणि त्या लोकांनीच पुढची दहा वर्षं मला माणसं पाठवली.

पिठीसाखर:

धोक्याचा मुद्दा मी धरलाच नव्हता, ताई. हा खरा आहे.

तरी माझा अनुभव वेगळा पडला. पहिल्या चार महिन्यांत स्वस्तात केलेल्या केकमधून जी माणसं आली, ती तो भाव ऐकूनच आली. मी थोडासा वाढवला तशी त्यातली बहुतेक गेली. ज्यांनी "तिच्याकडे स्वस्त मिळतं" म्हणून मला पुढे पाठवलं, त्यांना आता मी महाग झालेय हे सांगायला संकोच वाटतो, आणि मलाही.

तुमच्या काळात कमी भाव तोंडी एकमेकांना कळत होता. आता तो निरोपांमधून जसाच्या तसा पुढे जातो आणि वर्षभराने कुणीतरी तोच निरोप माझ्यासमोर धरतो. म्हणून सूट द्यायची असेल तर शेंगताईंनी सांगितली तशी, मूळ किंमत लिहून आणि किती तारखेपर्यंत ते सांगून द्यावी.

व्हॅनिलाची शेंग:

+१. आणि तारीख फक्त सवलतीवरच नको, प्रत्येक भावावर हवी.

२०२३ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कच्या वायदेबाजारात कोको टनामागे तीन हजार डॉलरच्या आत होता. मार्च २०२४ मध्ये त्याने दहा हजार ओलांडले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बारा हजारांच्याही वर गेला. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. तिथे हवामान आणि झाडांवरचा रोग यांनी पीक घटलं की जगभर चॉकलेट महागतं. मी एका लग्नाच्या गनाशच्या केकचा भाव सात महिने आधी कळवून बसले होते. शब्द दिला होता, पाळला. त्या केकमध्ये माझी मजुरी जवळजवळ गेली.

माझ्या टोपणनावातल्या व्हॅनिलाचंही असंच आहे. व्हॅनिलाचं फूल एकच दिवस उमलतं, लागवडीत बहुतेक ठिकाणी ते हाताने फलित करावं लागतं आणि मग शेंग कित्येक महिने मुरवावी लागते. मादागास्करमध्ये एक वादळ आलं की त्या वर्षी भाव कुठल्या कुठे जातात. २०१७ च्या वादळानंतर तेच झालं. आता मी प्रत्येक भावाखाली "तीस दिवसांसाठी" असं लिहिते आणि दर महिन्याला साहित्याच्या किमती नव्याने उतरवते.

उंबरठा:

विजेचं काय? ओव्हन दीड-दोन तास चालतो, मिक्सर, फ्रिज. मला सगळ्यात भीती त्याचीच वाटते.

हिशेबवही:

सगळ्यात कमी भीती त्याची बाळगा. २ किलोवॅटचा ओव्हन एक तास चालला तरी पूर्ण दोन युनिटं खात नाही, कारण हव्या तापमानाला पोचला की तो मधून मधून बंद होत राहतो. केकच्या किमतीत तो हिस्सा छोटा असतो. धरा, पण त्यावर झोप घालवू नका. लोक वीज मोजतात आणि चाळीस निरोपांना दिलेली उत्तरं मोजत नाहीत.

व्हॅनिलाची शेंग:

बेकिंगचा पार्चमेंट कागद, क्रीमची नक्षी काढायच्या पायपिंग बॅगा, खाण्याचे रंग, हातमोजे, भांड्याला चिकटून राहिलेलं मिश्रण, वरून कापून टाकलेला स्पंज. हेही विसरतात. मी साहित्याच्या दहा टक्के या नावाने धरते. आणि गिऱ्हाइकाने आदल्या दिवशी रद्द केलं तर काय, हेही आधीच ठरवा. एकदा माझी चोवीस फुलं वाळून तयार होती आणि "कार्यक्रम पुढे गेला" असा निरोप आला. तेव्हापासून निम्मे पैसे आल्याशिवाय पीठसुद्धा चाळत नाही.

मंदआच:

आगाऊ रकमेबद्दल शंभर टक्के सहमत. नव्याने घ्यावी, जुन्याने घ्यावी, नात्यात तर जरूर घ्यावी.

उंबरठा:

माझी ऑर्डर सांगते, तुम्ही दोघी आकडा सांगाल का? ६ इंची केक, बटरक्रीम, वर साखरेची पाच फुलं. तुमच्याच मापात साहित्य ४०, वरखर्च १०. मला सहा तास लागतील असं वाटतं. तासाची मजुरी, हात भाजण्याच्या कसोटीने, २० येते. घ्यायला ते घरी येणार आहेत.

पिठीसाखर:

सहा तासांचे बसलेल्या हाताचे चार धर. एका फुलाला पंधरा मिनिटं, म्हणजे त्यातला सव्वा तास फुलांचाच. ४० आणि १० मिळून ५०, मजुरी ८०, झाले १३०. त्यावर बिघाडासाठी आणि नफ्याला मिळून निदान दहा टक्के. १४३ सांग. आणि एकच आकडा सांग, खोका-बोर्ड सगळं त्यात.

मंदआच:

मी ११० सांगितले असते. पहिली ऑर्डर आहे, धोका त्यांचा आहे. पण ११० सांगताना खाली मूळ किंमत १४३ लिही. एवढं मी या चर्चेतून घेतलं.

पिठीसाखर:

११० मध्ये तिच्या तासाला १५ पडतात, ताई, तेही चारच तास धरले तर. तिच्या सहा तासांवर दहाच. माझ्या फुलांच्या केकपेक्षाही कमी. मी हे सांगू शकत नाही तिला.

मंदआच:

आणि मी १४३ सांगू शकत नाही. तिला ठरवू दे.

उंबरठा:

काल रात्री बराच वेळ फोन हातात धरून बसले होते. शेवटी १४३ कळवले, "सगळं धरून" असं लिहून. तासभर काहीच उत्तर नाही. मला वाटलं, गेली ऑर्डर.

मग त्यांनी विचारलं, फुलं पाचाऐवजी तीन केली तर? दोन फुलं म्हणजे अर्धा तास, १० कमी, त्यावरचे दहा टक्के १. लगेच सांगता आलं: १३२. ते हो म्हणाले आणि निम्मे, ६६, आजच जमा झाले. केक शनिवारी संध्याकाळी न्यायचा आहे.

पिठीसाखर:

अभिनंदन! फुलं आजच करायला घे. जाड पाकळ्यांना वाळायला दोन दिवस लागतात, हवा दमट असेल तर तीन. फ्रिजमध्ये ठेवू नकोस, ओलावा धरून मऊ पडतात.

मंदआच:

आणि तीनऐवजी पाच कर. दोन नक्की मोडतात.